तीन टाक्या, एक शंख

केतकीच्या बाबांना पाण्याबाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या मनगटावरचं यंत्र सांगत होतं की पाठीवरच्या टाकीत भरपूर हवा आहे. टाकीत मात्र फुंकर मारण्याइतकीही हवा उरलेली नव्हती. आता सांगा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

चौकशीला माणसं आली. यंत्रं घेऊन गेली, एकेक करून तपासली आणि सगळी उत्तम चालतात म्हणून परत देऊन गेली. यंत्र उत्तम, मग चूक कुणाची? मेलेल्या माणसाची. तो बिचारा काही उठून भांडायला येत नाही.

"रमाकांत आकडो बघूक इसारलो," होडी चालवणारे वामन तांडेल बाबांबद्दल चारचौघांत म्हणाले, आणि वाडीने मान डोलावली.

केतकीला हे मुळीच पटलं नव्हतं. बाबा घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून पाहायचे. असा माणूस समुद्राच्या तळाशी हवा बघायला विसरेल? पण तेरा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतंय! आणि आता तर आणखीच वाईट वेळ आली होती. बंद पडलेलं काम उद्या पुन्हा सुरू व्हायचं होतं, आणि बाबांच्या जागी आई पाण्यात उतरणार होती. तीच टाकी, तेच यंत्र.

काम टाळण्यासारखंही नव्हतं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर सरकत होता. खालची आळी त्याने कधीच गिळली होती. उरलेली वाडी वाचावी म्हणून किनाऱ्यापासून आत समुद्रात, तळाशी, मोठे लोखंडी सांगाडे बसवून त्यांवर प्रवाळ (समुद्रातले चिमुकले जीव, त्यांच्या अंगचे दगडी थर साचत जातात आणि लाटांचा जोर मोडतात) वाढवायचे होते. एकेक सांगाडा इतका जड की तीन पाणबुडे खांद्याला खांदा लावून तो जागेवर नेत. पाणबुड्याचं रीतसर शिक्षण घेतलेली वाडीत मोजकीच माणसं होती, आणि आई त्यांतली एक.

"आई, तू जाऊ नकोस ना," केतकी म्हणाली.

"मग कोण जाईल गो? लाटा काय माझ्यासाठी थांबणार आहेत?" आईने तिच्याकडे न पाहताच उत्तर दिलं. तिचा आवाज कोरडा होता. त्या दिवसापासून तो तसाच होता.

केतकीने ते यंत्र उचललं आणि तडक दामूआजोबांचं घर गाठलं. दामूआजोबा म्हणजे बाबांचे काका. उभा जन्म त्यांनी समुद्रात वापरायची उपकरणं बनवण्यात घालवला होता. त्यांच्या परसात कोळंबी वाढवायचं एक जुनं सिमेंटचं टाकं होतं, आणि त्या टाक्याच्या कठड्यावर भोपळा बसलेला असायचा. भोपळा हा आजोबांनी बनवलेला यंत्रमानव. गोल, पिवळा, दोन लांब हातांचा. रेडिओच्या लहरी माणसाला ऐकू येत नाहीत. भोपळा त्या पकडून त्यांचा टकटक आवाज करून दाखवायचा.

"पुन्हा तेच यंत्र?" आजोबांनी विचारलं. "पोरी, मी ते दोनदा उघडून पाहिलं आहे."

"तिसऱ्यांदा पाहा. उद्या आई उतरणार आहे."

आजोबांनी चष्मा पुसला आणि आईला निरोप धाडला, की होडीवरच्या तिन्ही टाक्या आणि उरलेली दोन यंत्रं घेऊन लगेच ये.

आई सगळं सामान हातगाडीवर घालून आली. आजोबांनी केतकीला जवळ बसवलं. "आधी हे चालतं कसं ते समजून घे. टाकीच्या तोंडाशी हा अंगठ्याएवढा डबा दिसतो ना, तो ट्रान्समीटर (आतल्या हवेचा दाब मोजून तो आकडा रेडिओने पाठवणारा). मनगटावर असतो तो डाइव्ह कॉम्प्युटर (किती खोल आलो, किती वेळ झाला, हवा किती उरली हे दाखवणारा). दोघांमध्ये तार नाही. पाणी रेडिओच्या लहरी शोषून घेतं, म्हणून यांचा आवाज जेमतेम दीड हातावर पोचतो."

"सारखा बोलत असतो का हा डबा?"

"छे! मग बॅटरी चार दिवसांत संपेल. टाकी बंद असते तेव्हा तो झोपलेला असतो. टाकी उघडली, म्हणजे तिची तोटी फिरवली, दाब जाणवला, की जागा होतो. मग दर पाच सेकंदांनी एकदाच पुटपुटतो. मी अमुक डबा, माझा दाब इतका. आणि पुन्हा गप्प."

मग तपासणी सुरू झाली. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. दाब मोजायच्या भोकांत मीठ साचलेलं नव्हतं. प्रत्येक कॉम्प्युटर आपल्याच डब्याचं ऐकत होता, शेजारच्याचं नाही. कॅमेऱ्याच्या झगझगीत दिव्यामुळे किंवा पाण्यातल्या मोटारीमुळेही असे संदेश बिघडतात, पण त्या दिवशी यातलं काहीच खाली नेलेलं नव्हतं. आजोबांनी टाक्या एकामागून एक उघडल्या आणि तिन्ही पाण्यात एकत्र ठेवल्या. भोपळा ऐकू लागला. टक. टक... टक. तीन वेगवेगळे आवाज, तिन्ही आकडे बरोबर.

"एकेकटे ठीक. एकत्र ठीक," भोपळा म्हणाला. "दोष नाही. मी जाऊ का चार्जिंगला?"

"गप रे मेल्या!" केतकी त्याच्यावर ओरडली आणि तिला रडूच फुटलं. आता उरलं तरी काय? आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पुरे झालं बाळा. उद्याची तयारी करायची आहे. शंख कुठे ठेवलास? तो तुलाच वाजवायचा आहे."

केतकीने डोळे पुसले आणि तिचा हात मध्येच थांबला.

या होडीची एक जुनी रीत होती. फार वर्षांपूर्वी एक पाणबुड्या टाकी न उघडताच पाण्यात उतरला होता आणि मरता मरता वाचला होता. तेव्हापासून समुद्राला नारळ वाहिला, की पाणबुड्यांच्या घरांतल्या सगळ्यात लहान पोराने शंख फुंकायचा आणि तो ऐकताच सगळ्यांनी आपापली टाकी उघडायची. एकदम, एकाच क्षणी, म्हणजे कुणी विसरणार नाही. दोन वर्षं तो शंख केतकीच फुंकत होती.

"आजोबा, आम्ही अशा नाही उघडत," ती हळूच म्हणाली. "तुम्ही एकामागून एक उघडल्यात. होडीवर सगळ्या एकदम उघडतात. माझ्या शंखावर."

आजोबा ताडकन उठले. "सगळ्या बंद करा! डबे झोपू देत. सूनबाई, तू त्या कोपऱ्यात. भोपळ्या, तू इकडे. केतकी, पळ, शंख आण!"

टाक्याच्या तीन कोपऱ्यांत, एकमेकींपासून दूर, तीन टाक्या पाण्यात उभ्या केल्या. केतकीने शंख फुंकला. आई, आजोबा आणि भोपळा, तिघांनी एकदम टाक्या उघडल्या. शेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरांच्या पडद्यांवर आकडे उमटले. दोनशे बार, दोनशे बार, दोनशे बार. (बार म्हणजे दाब मोजायचं माप, दोनशे म्हणजे टाकी काठोकाठ.)

"भोपळ्या, आता सरकव जवळ. खांद्याला खांदा लावतात तशा."

भोपळ्याने टाक्या एकत्र ओढल्या आणि कान दिला. या वेळी तीन टकटक आल्या नाहीत. दर पाच सेकंदांनी एकच घोगरा आवाज येत होता. खर्र. खर्र.

आजोबांनी मधल्या टाकीला जुन्या पद्धतीचा सुईचा मापक (नळीने थेट टाकीला जोडलेला, त्यात ना रेडिओ ना बॅटरी) लावला आणि हवा सोडायला सुरुवात केली. सुई खाली येऊ लागली. दीडशे. शंभर. पन्नास. पडद्यावर दोनशेचा आकडा हलेना. सुई शून्यावर टेकली तरी पडदा आपला दोनशेच म्हणत होता, अगदी ठामपणे.

आईने तोंडावर पदर दाबला.

"वर्गात हजेरी घेतात ना," आजोबा म्हणाले, "एकेकाने हजर म्हटलं की बाईंना कळतं. सगळे एकदम ओरडले तर नुसता गलका होतो. हे डबे एकाच क्षणी जागे झाले आणि एकाच तालात बोलायला लागले. दर पाच सेकंदांनी तिघं एकदम. कुणाचंच कुणाला कळेना. उतरताना माणसं दोरावर लांब लांब होती, तोवर आकडे येत राहिले. सांगाड्याखाली जवळ आली आणि आकडे थांबले."

"पण पडद्याने सांगायला नको? की मला ऐकू येत नाही म्हणून?"

"सांगायला हवं होतं. बनवणाऱ्याला वाटलं, दोन-चार संदेश हुकले तर हुकले, शेवटचा आकडा दाखवत राहू. माणूस उगाच घाबरायला नको. रमाकांतने आकडा पाहिला होता पोरी. दहादा पाहिला असेल. जड बाजू त्याच्या अंगावर होती, म्हणून त्याची हवा आधी संपली. टाकी रिकामी झाल्यावर डबा पुन्हा झोपला आणि जुना आकडा पडद्यावर तसाच राहिला. बाकीचे दोघे होडीवर येऊन लांब बसले, त्यांचे आकडे परत आले. चौकशीत काय दिसणार, कपाळ?"

केतकीने शंख जमिनीवर ठेवला. तिला तो हातात धरवेना. "मी फुंकला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी मीच फुंकला होता."

आई तिच्यापाशी खाली बसली आणि तिने केतकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "ऐक. शंख कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून होता. त्याच्या आवाजाने हे डबे जुळतील हे मला ठाऊक नव्हतं, आजोबांना नव्हतं, बनवणाऱ्यालाही नव्हतं. तू शोधलंस ते." आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आई रडली. दोघी खूप वेळ तशाच बसून होत्या. भोपळा चार्जिंगला गेला नाही.

"मग टाक्या वेगवेगळ्या वेळी उघडल्या की झालं?" शेवटी केतकीने विचारलं.

"बऱ्याच अंशी. पण दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. सरकत सरकत पुन्हा जुळूही शकतात. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर सुईचा मापकही हवा. एकाच साक्षीदारावर जीव टाकायचा नाही."

सकाळी आजोबा भोपळ्याला घेऊन होडीवर आले. वामन तांडेलांनी प्रत्येकाच्या अंगावरचे मापक पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. ती नळी सांगाड्यात अडकते म्हणून त्यांनीच ते काढून ठेवायला लावले होते. केतकीने त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण मान हलत नव्हती.

"शंख एकदाच वाजता, चेडवा. रीत आसा ती."

"कुणी विसरू नये म्हणून रीत आहे ना, काका? मग प्रत्येकासाठी वेगळा वाजवते. कुणीच विसरणार नाही. आणि माझे बाबासुद्धा आकडा बघायला विसरले नव्हते."

तांडेलांनी डोक्यावरची टोपी काढली. "नाय, इसरूक नव्हतो," ते पुटपुटले. "माझाच चुकला. फुक तू."

केतकीने पहिला शंख फुंकला. आईने टाकी उघडली. एक मोठा श्वास घेऊन दुसरा. पुन्हा थांबून, मनाला येईल तेवढं थांबून, तिसरा. होडीच्या कठड्यावरचा भोपळा ऐकत होता. टक. टक... टक. "तीन वेगळे," तो म्हणाला, आणि तिन्ही पाणबुडे पाण्यात उतरले.

त्यानंतरचा वेळ केतकीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. ती पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघत होती आणि तांडेलांनी तिचा हात धरून ठेवला होता. अखेर आईचं डोकं वर आलं. तिने तोंडातली नळी काढली, एका हाताने सुईचा मापक उचलला आणि दुसऱ्या हाताचं मनगट शेजारी धरलं.

"सत्तर," आई ओरडली. "दोन्हीकडे सत्तर!"

परतताना आजोबा सांगत होते की यापुढचे डबे बोलण्याआधी थांबायचा वेळ प्रत्येक वेळी निराळा ठेवतील. मग ते एकदा आदळले तरी पुढच्या खेपेला आपोआप वेगळे होतील. केतकी मांडीवरचा शंख पुसत ऐकत होती.

"मी मोठी झाले की पडदा बनवीन," ती म्हणाली. "त्याला माहीत नसेल तेव्हा तो माहीत नाही असंच सांगेल."

आईने ओल्या हाताने तिला जवळ ओढलं. बाबांचा कॉम्प्युटर आईच्या मनगटावर होता, आणि त्यावर अजूनही सत्तरच दिसत होते.

"आई, सुई बघ," केतकी म्हणाली.

आईने मापक उचलून पाहिला. सुईही सत्तरवरच होती.