जुनी एडिशन, नवा संसार

"ताई, समोर एक मुलगी बसलीये ना, तिच्या मांडीवर नवी एडिशन आहे. नवी! चेहऱ्यावरून तर हुशार वाटते बिचारी..."

करोल बागेतून नोएडाकडे निघालेली मेट्रो, रविवारची दुपार, आणि माझ्या पुढ्यात उभा असलेला एक उंच मुलगा फोनवर बिनधास्त माझी उणीदुणी काढत होता. मराठीत! दिल्लीत कुणाला कळतंय, हा विश्वास! मी मनातच म्हटलं, बोल बाबा, होऊ दे तुझं मन मोकळं.

"अगं, ते नवे नियम म्हणजे अंगणवाडी आहे. कुणी मरतच नाही. हो, दिसायला छान आहे... पुस्तक नाही यार, मुलगी!"

आता मात्र मी वर पाहिलं.

"पुस्तकही छान आहे," मी म्हणाले. "वाचून बघा कधीतरी."

त्याचा फोन हातातून सुटता सुटता राहिला. कान लालबुंद!

"सॉरी... मला वाटलं... तुम्ही मराठी?"

"पुण्याची. मयुरा. आणि आपण?"

"सिद्धांत. मी इथलाच. बाबांची सरकारी नोकरी, म्हणून लहानपणापासून दिल्ली." मग घाईघाईने म्हणाला, "पण मराठी बोलायची मी खूप चेष्टा करतो."

"ती ऐकलीच की आत्ता!"

तो गोंधळला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे माझ्या डोक्यात यायला यमुना बँक स्टेशन यावं लागलं. मग मी जी हसत सुटले, की शेजारच्या आँटी सरकून बसल्या.

आमचं भांडण ज्यावरून सुरू झालं, तो टेबलावर बसून खेळायचा खेळ. एक जण किल्ले, डोंगर, राक्षस रचून गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी चोर, कुणी जादूगार. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. नियमांचं जाडजूड पुस्तक असतं आणि काही वर्षांनी त्याची नवी एडिशन निघते. मग जुनीवाले आणि नवीवाले एकमेकांचं तोंड बघत नाहीत. जुन्या नियमांत एक फासा वाईट पडला की पात्र मेलं, संपलं. नव्यात जीव जाता जाता सावरायची संधी मिळते. मी कट्टर नवीवाली. हा नावाचाच नव्हे, तर जन्माचा सिद्धांतवादी, जुनीवाला.

आणि जळलं मेलं नशीब बघा, आम्ही दोघंही नोएडातल्या एकाच बोर्ड गेम कॅफेत निघालो होतो!

त्यानंतर प्रत्येक रविवार आमचा. त्याची मोठी बहीण संपदा, तीच ती फोनवरची ताई, दिल्लीतल्या मुनिरक्याहून यायची. एका रविवारी जुने नियम, पुढच्या रविवारी नवे, असा तह तिनेच करून दिला. तह झाला तरी आमची तोंडं थांबतात होय!

"तुझ्या एडिशनमध्ये सगळ्यांना सगळं माफ," तो म्हणायचा.

"तुझ्यात सगळ्यांचा जीव टांगणीला."

"म्हणून तर मजा आहे. तू श्वास धरून बसतेस ना फासा टाकताना..."

"तू माझ्याकडे बघतोस कशाला? फाशाकडे बघ!"

तो फाशाकडे बघायचा. कान मात्र लाल व्हायचे. मला ते फार आवडायला लागलं होतं.

एकदा त्याच्या गोष्टीत माझी लाडकी चोर, बिजली, किल्ल्याच्या भिंतीवरून निसटली. त्याने समोरच्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकला. आम्हाला कुणालाच तो दिसत नव्हता. त्याने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याने फासा उचलून बाजूला ठेवला.

"गेली," तो हळूच म्हणाला. "सॉरी, मयुरा."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! बाहेर पडल्यावर मी त्याला गाठलंच. "खोटं बोलता येत नव्हतं?"

"येत होतं. पण मग मी खरं बोललो असतो तेव्हा तू विश्वास कसा ठेवला असतास?"

स्टेशनबाहेर शकरकंदी म्हणजे रताळ्याची चाट विकणारा लिंबू पिळत होता, हिवाळ्यातलं उतरतं ऊन त्याच्या गाडीवर पडलं होतं, आणि मी तिथे, हातात द्रोण घेऊन, सपशेल प्रेमात पडले. या मुलाच्या तोंडून एक दिवस माझ्याबद्दल खरं काहीतरी ऐकायचंय, एवढंच मला हवं होतं.

पण त्याने काही बोलावं तर ना! आणि मध्येच ऑफिसात बातमी आली. आमची टीम पुण्याला चालली. ज्यांना जायचं नाही त्यांना इथलंच नवं प्रोजेक्ट. सोमवारी सकाळपर्यंत कळवा. आई तर फोनवर नाचायचीच बाकी होती. मीही नाचले असते. दिल्लीत आल्यापासून याच दिवसाची तर वाट पाहत होते! मग मी कॅलेंडरवरचे उरलेले रविवार का मोजत बसले?

रविवारी मी टेबलावर सांगितलं. संपदा त्या दिवशी आली नव्हती. सिद्धांत फासे गोळा करत होता. थांबला.

"अच्छा," तो म्हणाला. "पुणे बढिया आहे."

बढिया! मला वाटलं, तो जाडजूड नियमग्रंथ त्याच्या डोक्यात घालावा.

माझी खोली नोएडातच, म्हणून नेहमीसारखी मी त्याला मेट्रोपर्यंत सोडायला गेले. जिन्यापाशी तो एकदम वळला.

"मयुरा, एक बोलू? खूप दिवस मनात आहे." तो म्हणाला. "तुझी नवी एडिशन, माझी जुनी... दोन्ही सोडून देऊ या. मला तुझ्याबरोबर एक नवा संसार बनवायचाय. आपल्या दोघांचा."

माझ्या कानांत दडे बसले. भर चौकात, रिक्षावाले ओरडत असताना... हा सरळ संसारावरच आला! आणि हा तर खोटं बोलणारा मुलगा नव्हे.

"संसार?" मी कशीबशी म्हणाले.

"हां! तू पुण्याला गेलीस तरी व्हिडिओ कॉलवर होईल. तुला समुद्र पाहिजे की डोंगर? आणि राक्षस किती ठेवू या?"

"राक्षस?"

"संसारात राक्षस तर पाहिजेतच ना!"

हात्तिच्या! मला रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं. बिचारा गडबडून गेला.

"काय झालं? मी काही चुकीचं बोललो?"

"तू म्हणतोयस त्याला मराठीत जग म्हणतात, सिद्धांत."

"मग मराठीत संसार म्हणजे?"

"ताईला विचार!" मी म्हणाले आणि पाठ फिरवली. डोळे पुसत रिक्षा शोधू लागले. जाते मी पुण्याला. मिळू दे आईला आनंद. इथे राहून काय राक्षस मोजायचेत?

"मयुरा! रुक! थांब!"

तो जिना उतरून धावत येत होता. कानच काय, अख्खा चेहरा लाल. हातातल्या फोनमधून संपदाचं खदाखदा हसणं मला इथपर्यंत ऐकू येत होतं. त्याने फोन कट केला.

"कळलं?" मी विचारलं.

"कळलं." तो धापा टाकत होता. "शब्द चुकला माझा. पण... आता अर्थ कळल्यावर मला तो परत घ्यायचा नाहीये." त्याने पहिल्यांदाच नजर वळवली नाही. "मला तू आवडतेस. मेट्रोतल्यापासून. ते बढिया वगैरे मी तुझी अडचण व्हायला नको म्हणून बोललो. पुणे बिल्कुल बढिया नाहीये. तू जा नको."

"जाऊ नकोस," मी सुधारलं.

"जाऊ नकोस. आणि तुला जायचंच असेल तर मी तिकडे नोकरी शोधतो. पण हे ऐकून जा."

वेड्या, एवढं बोलायला किती छळलंस मला! मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले, फोन काढला आणि मॅनेजरला लिहिलं: मी नोएडातच थांबतेय, नवं प्रोजेक्ट चालेल. तो शेजारी बसून वाचत होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि कुणीच सरकलं नाही.

"थांबतेयस?" त्याने विचारलं. "कुठल्या संसारासाठी? हिंदीतल्या... की मराठीतल्या?"

"दोन्ही," मी म्हणाले आणि सेंड दाबलं.