सात टक्के प्रथिने

तृणमापन कक्षाच्या पडद्यावर माळेवाडीचे कुरण पिवळे पडत चालले होते. आकडा होता सहा पूर्णांक आठ.

“दोन दशांश कमी,” कक्षप्रमुख डॉ. निरगुडकर म्हणाले. “फाटक उघडणार नाही.”

“सर, मेंढ्यांना दशांश कळत नाहीत.”

“नियम तुमच्याच प्रबंधातला आहे, बाई.”

होता खरा. गवतावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून ‘तृणाक्ष’ उपग्रह चाऱ्याचे वजन आणि त्यातले नत्र मोजी. नत्रावरून प्रथिने काढी. सात टक्क्यांखालचा चारा मेंढीला नीट पचत नाही, हे डॉ. यमुना खेमनरने सिद्ध केले होते. शासनाने त्यावरून ठरवले की, न पचणारे खाऊ घालण्यापेक्षा उपाशी ठेवणे अधिक पशुहिताचे. अशा निर्णयाला विद्वत्ता लागत नाही, सही पुरते.

चारशे मेंढरे घेऊन कुंपणाशी थांबलेल्या धुळाजीमामाला तिने फोन लावला.

“यमने, आमी उद्या कोकणाकडं उतरतो. हितं गवात गुडघ्याएवढं, अन् मेंढरं नुसती वास घेत्यात.”

“आठ दिवस थांबा, मामा. पावसाच्या सरीचा अंदाज आहे. फुटवा आला की आकडा चढेल.”

“तुजा उपग्रह बगतोय न्हवं? मंग त्याला मेंढरंबी दिसत असतील.”

“नाही मामा. तो फक्त गवत बघतो.”

भाची शिकलेली, म्हणून मामा थांबला. सर आली नाही. उपग्रहाच्या पुढच्या फेरीत सहा पूर्णांक तीन, त्यापुढच्या फेरीत पाच पूर्णांक नऊ. तोवर मेंढरांत घाट उतरण्याचे बळ उरले नव्हते.

मेंढरे मेल्यावर रोगराई पसरू नये म्हणून फाटक तातडीने उघडले गेले. चारशेच्या चारशे कुरणात पुरली.

पुढल्या श्रावणात पडदा गर्द हिरवा झाला. अकरा पूर्णांक चार.

“बंदी फळाला आली,” निरगुडकर म्हणाले.

“ते नत्र मेंढ्यांचं आहे, सर. खाली त्या कुजल्यात.”

“उपग्रहाला नत्राचं गोत्र कळत नाही.”

“मला कळतं.”

“तुम्ही प्रणालीत नाही, बाई.”

प्रणालीने गेल्या वर्षीची नोंद चाळली, बंदी आणि वाढ यांचा संबंध जोडला आणि शिफारस छापली: शेजारच्या तीन कुरणांची फाटके कळप कुंपणाशी येताच बंद करावीत, प्रथिने अकरा टक्क्यांवर जातील.

यमुनेने गणित दोनदा तपासले. अंदाज अचूक होता.