निसरडा जंतू

पहारेकरी चोराला धडकला, त्याला चाचपून पाहिलं आणि चक्क सोडून पुढे निघून गेला!

औषधाच्या वाफेबरोबर हुंगवलेला सूक्ष्म कॅमेरा हे सगळं पडद्यावर दाखवत होता. चोर म्हणजे न्यूमोनियाचा जंतू. पहारेकरी म्हणजे साजिरीच्या दादाच्या, दिग्विजयच्या फुप्फुसातली एक पेशी. दादा शेजारच्या खाटेवर धापा टाकत होता आणि या पहारेकऱ्याचं हे असं चाललं होतं. पडद्यात हात घालून त्याचा कान पिळावा, इतका साजिरीला त्याचा राग आला.

मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीत एकच दवाखाना होता आणि एकच डॉक्टर, फरीदामावशी. त्यांच्याकडची सगळी औषधं देऊन झाली होती; जंतू कशालाच दाद देत नव्हता. पृथ्वीवरून नवं औषध यायला कित्येक महिने लागले असते. दिग्विजयचे ओठ आत्ताच निळसर दिसू लागले होते.

“मावशी, ती पेशी त्याला पकडत का नाही?”

“सांगते, पण तू आधी बस बघू.” मावशींची नजर दादावरच होती. “फुप्फुसात वायुकोश असतात (श्वासाची हवा जिथवर पोहोचते ते इवले इवले फुगे). तिथे या महाभक्षी पेशी (जंतूंना गिळणाऱ्या पेशी) गस्त घालतात. त्यांना डोळे नसतात, त्या चाचपून ओळखतात. त्यांच्या अंगावर ग्राही असतात (ठरावीक आकारच धरणारे चिमुकले हात). जंतूच्या सालीची वीण आपल्या पेशींपेक्षा वेगळी. ती हाताला लागली की पेशीला कळतं, हा परका! मग ती त्याला गिळते, जिरवते आणि रक्तातल्या सोबत्यांनाही हाका मारते.”

“मग याची वीण हाताला लागत नाही?”

“हा पक्का लबाड आहे. सालीवर साखरेचा बुळबुळीत अंगरखा चढवून आलाय. हात लावला की सटकतो. चाहूल लागून सोबती धावून येतात, पण त्यांनाही तो धरता येत नाही. नुसती गर्दी होते आणि वायुकोशांत पाणी साठतं. म्हणून दादाला धाप लागलीय.”

यंत्राने टीं टीं सुरू केलं. रक्तातला प्राणवायू आणखी उतरला होता. मावशींनी प्राणवायूच्या नळीची चावी शेवटपर्यंत फिरवली. त्यापुढे फिरवायला काहीच उरलं नाही.

साजिरीला रडू फुटलं. “माती लावा ना त्या जंतूला! तालमीत घामेजलेल्या गड्यावरची पकड सुटली, की दादा त्याच्या पाठीवर मूठभर माती चोळतो. मग गडी निसटत नाही.”

“अगदी तशीच माती असते,” मावशी म्हणाल्या. “प्रतिपिंडं म्हणतात तिला (एका ठरावीक जंतूलाच चिकटणारे रक्तातले बारीक कण). त्यांचं एक टोक अंगरख्याला चिकटतं, दुसरं बाहेर राहतं. पेशीला तेच धरता येतं. दादाचं शरीर ती आत्ता कुठे बनवायला लागलंय. तोवर उसनी आणायला हवीत. हाच आजार होऊन बरा झालेला, रक्तगट जुळणारा माणूस वसाहतीत एकच आहे. तुमचे तालमीतले हिंदुराव वस्ताद.”

“मग बोलवा ना त्यांना!”

“आले होते. सुई बघून पळाले.”

साजिरी बाहेर धावली. वस्ताद बोळातल्या बाकावर बसले होते. हे एवढे धिप्पाड, पण कपाळावरचा घाम पुसत होते.

“पोरी, काय बी सांग, करतो. ती सुई तेवढी नगं. लहानपणापास्नं भ्या वाटतंय बघ.”

“वस्ताद, दादाला आता श्वास घेता येत नाहीये.”

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि तिचा हात घट्ट धरून आत आले. “तू आपली कायतरी बोलत ऱ्हा. मी तिकडं बघनार न्हाई.”

सुई शिरली तेव्हा साजिरी त्यांना जंतूचा अंगरखा, पेशीचे हात, प्रतिपिंडांची दोन टोकं असं सगळं सांगत होती. वस्ताद डोळे मिटून म्हणाले, “म्हंजे माझ्या अंगातली माती दिग्याच्या कामी येनार म्हन की!”

मावशींनी त्या रक्तातला पिवळसर द्रव वेगळा केला, तपासला आणि थेंब थेंब करत दादाच्या शिरेत सोडला.

बराच वेळ काहीच घडलं नाही. पडद्यावर जंतू खुशाल सटकत होते आणि साजिरी नखं कुरतडत होती. वस्ताद तर पडद्याकडे पाठ करून उभे होते.

मग एका जंतूच्या अंगावर बारीक काटे उभे राहिल्यासारखं दिसलं. पेशीने हात लावला. या वेळी हात निसटला नाही. पेशीची कड जंतूभोवती पसरत गेली, मिटली आणि जंतू आत दिसेनासा झाला. मग दुसरा गेला, तिसराही गेला.

“धरला!” साजिरी ओरडली. “वस्ताद, बघा, धरला!”

यंत्रावरचा आकडा मात्र हलेना. मावशी म्हणाल्या, पाणी ओसरायला वेळ लागतो, धीर धर. धीर कसला धरतेय ती! रात्र होता होता आकडा एकाने चढला आणि तिघांनीही एकदम श्वास सोडला.

दोन महिन्यांनी पंपघरातल्या रोहिणीताईंच्या तान्ह्या बाळाला तोच खोकला झाला. त्या जंतूची लस (आजार न होताच शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवणारं औषध) पृथ्वीवरून निघाली होती, पण ती आणणारं यान अजून वाटेतच होतं. बाळाचा रक्तगट दिग्विजयशी जुळला. मावशींनी निरोप धाडायच्या आत तो दवाखान्यात येऊन खाटेवर आडवा झाला होता, बाही वर सारून.

त्याच्या रक्तातला पिवळसर द्रव बाळाच्या शिरेत उतरू लागला, पण साजिरी या वेळी पडद्याकडे गेलीच नाही. ती बाळाच्या छातीकडे बघत बसली. छाती वर आली, खाली गेली आणि पुन्हा वर आली.