ओली आठवण

शुभांगी गेल्याचं प्रीतम बारबोल्यांना दुकानात कळलं. बार्शीच्या बायपासला त्यांचं बॅटऱ्या बदलून देण्याचं दुकान होतं. रिक्षा आली की तिची रिकामी बॅटरी काढायची, भरलेली बसवायची. लहूच्या रिक्षाची बॅटरी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली होती, तेवढ्यात कानातला फोन बोलू लागला. पलीकडे गार्गी होती, त्यांची मुलगी. त्यांची बायको शुभांगी त्याच आठवड्यात तिच्याकडे लातूरला गेली होती.

"पप्पा, आई गेली," गार्गी म्हणाली.

बॅटरी हातातून सुटली ती उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. त्यांना लागलेलं कळलंच नाही. लहूनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं. गार्गी सांगत होती की सकाळी आईचं डोकं दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. शेवटपर्यंत ती आईजवळ होती, एकटीच. मग ती म्हणाली,

"तिनं तुमच्यासाठी निरोप दिलाय. फोनवर नाही सांगत. आले की सांगते."

तो फोन बंद होतो न होतो तोच दुसरा आला. तो आघातसेवेचा होता. कुठल्याही दवाखान्यात मृत्यूची नोंद झाली की जवळच्या नातेवाइकांची नावं आपोआप त्या त्या जिल्ह्याच्या आघातसेवेकडे जात. आग लागली की बंब येतो, तशी ही माणसं येत. लोकांना त्याची सवय झाली होती. फोनवरची बाई शांतपणे बोलत होती. तिनं सांगितलं की आमचं माणूस येईल. ते रडू नका म्हणणार नाही, देवाची इच्छा होती असंही म्हणणार नाही. तुम्ही बोलाल ते ऐकेल, बोलला नाहीत तर नुसतं बसेल. काही औषध द्यायचं असेल तर आधी विचारेल. मग तिनं विचारलं, आत्ता तुमच्याजवळ कोण आहे? लहू आहे म्हटल्यावर तिनं लहूलाच फोन द्यायला सांगितलं, आणि मालकांना घरी सोडून कोणी येईपर्यंत थांबायचं असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

राख सावडून झाली आणि त्यानंतर आघातसेवेच्या डॉक्टर रेहाना तांबोळी घरी येऊ लागल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज जरा बसका. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. चहा घेतला, शुभांगीचा फोटो बघितला, या काय करायच्या असं विचारलं. पतसंस्थेत कॅशियर होती, प्रीतमराव म्हणाले, आणि घरीही कॅशियरच होती. डॉक्टर हसल्या. घरात त्या दिवशी दुसरं कोणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओलावणी म्हणजे काय ते सांगितलं.

आपल्याला वाटतं की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो, पाहिजे तेव्हा काढून बघायचा आणि तसाच परत ठेवायचा. तसं नसतं. दर वेळी आठवण काढली की ती मेंदूत काही तास मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. आघातसेवेची पट्टी कपाळाला बांधली की ती नेहमीपेक्षा खूपच मऊ होते. त्या अवस्थेत माणसानं घडलेलं सगळं एकदा तोंडानं सांगायचं. पट्टी त्यातल्या भीतीला पुन्हा घट्ट बसू देत नाही. आठवण राहते, पण ती सारखी अंगावर धावून येत नाही. पूर्वी अशा धक्क्यानं माणसं वर्षानुवर्षं झोपेतून दचकून उठत, काही जण जीवही देत. ओलावणी सुरू झाल्यापासून ते फार कमी झालं होतं.

"म्हणजे तुम्ही तिला विसरायला लावणार," प्रीतमराव म्हणाले.

"नाही काका. सिमेंटचा कोबा घातलेला बघितलाय ना? ओला असतो तोवर त्याच्यावर थापी फिरवता येते. मी फक्त थापी फिरवते, टोचणारे खडे खाली दाबते. पण ओल्या कोब्यावरून कुत्रं चालत गेलं तर त्याचे पायही उमटतात, आणि वाळले की ते जात नाहीत. म्हणून एक पथ्य आहे. ओलावणी झाली की दिवेलागणीपर्यंत त्या विषयावर कोणाशी बोलायचं नाही. कोणाचं ऐकायचंही नाही."

संध्याकाळी का नाही करत, असं त्यांनी विचारलं. झोपेच्या आधी आठवण वाळायला हवी, डॉक्टर म्हणाल्या, नाहीतर स्वप्नं तिच्यात मिसळतात. मग त्यांनी दाराला लावायची पाटी दिली: ओलावणी चालू आहे, कृपया सायंकाळनंतर भेटावे.

गार्गी बार्शीला आली होती. तिचीही ओलावणी व्हायची, वडिलांच्या मागोमाग, आतल्या खोलीत. निरोपाचं प्रीतमरावांच्या लक्षात होतं. पण घर भरलेलं होतं, थोरली वहिनी तेराव्यापर्यंत मुक्कामाला होती, आणि गार्गीच म्हणाली की सगळे गेले की निवांत सांगते. ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

पाटी पहिल्याच दिवशी वहिनीनं काढली. तिचं म्हणणं, दाराला हे असलं लावायचं म्हणजे कुत्र्यापासून सावध राहा लिहिल्यासारखं दिसतं. समाचाराला आलेल्या माणसाला कोणी उंबऱ्यावरून परत पाठवतं का? माणसं बार्शीतून, वैरागमधून, पार परांड्यातून येत होती. गाडीभाडं खर्चून आलेली माणसं संध्याकाळपर्यंत कुठं बसतील? प्रीतमरावांनाही ते पटलं. डॉक्टरांना सांगायचं मात्र दोघांनीही टाळलं.

समाचार म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं येतात, चपला काढतात, भिंतीला टेकून बसतात. थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग एक जण विचारतो, कसं झालं हो? घरच्यानं सांगायचं. ती माणसं उठतात, दुसरी येतात, पुन्हा कसं झालं हो? पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय, आणि त्यात शहाणपणही असावं. बोलून बोलून दुःखाची धार जाते. डॉक्टरांची पट्टी तेच करत होती. दोन्ही एकाच वेळी केली तर काय होतं, हे मात्र कोणी करून बघितलं नव्हतं.

सुरुवातीला प्रीतमराव खरं तेच सांगत. दुकानात होतो, फोन आला. पण ऐकणाऱ्यांचा चेहरा पडायचा. म्हणजे तुम्ही जवळ नव्हता? शेवटी काही बोलल्या का? ते म्हणायचे, गार्गी होती जवळ, तिला माहीत. मग कोणीतरी म्हातारं माणूस समजूत घालायचं, की तुमचंच नाव घेतलं असणार. एक मावशी डोळे पुसत म्हणाली, "बाईचा जीव कशात असतो? 'जेवण वेळेवर करत जा' म्हणाली असंल." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रीतमरावांनीही हलवली. सकाळीच ओलावणी झालेली होती.

पुढच्या घोळक्याला त्यांनी सांगितलं की ती जेवणाचं काहीतरी म्हणाली म्हणे. त्याच्या पुढच्यांना, जेवण वेळेवर करत जा म्हणाली. आणि आठवड्याच्या शेवटी ते सांगू लागले की मी तिचा हात धरला होता, पडदा हिरवा होता, खिडकीतून ऊन येत होतं. हे ते खोटं म्हणून सांगत नव्हते. ते त्यांना दिसत होतं. सांगताना आवाज कापत नसे, छातीत दुखत नसे. ऐकणारे समाधानानं उठत. वहिनी म्हणाली, भाऊजी सावरले.

गार्गी आतल्या खोलीत असायची. दार उघडंच असायचं. तिचीही आठवण ओली असायची.

तेरावा झाला, वहिनी गेली, घर रिकामं झालं. प्रीतमरावांनी चहा केला, गार्गीला समोर बसवलं आणि म्हणाले, आता सांग, काय निरोप होता?

गार्गीनं कप खाली ठेवला. तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिचा चेहरा मोकळा झाला.

"हेच की पप्पा, जेवण वेळेवर करत जा. तुम्ही होतातच की तिथे."

त्यांना बरं वाटलं. सगळं जुळत होतं. कपबशा त्यांनीच विसळल्या.

दुसऱ्या दिवशी ते दुकान उघडायला गेले. लहू आला. अंगठा कसा आहे असं त्यानं विचारलं. प्रीतमरावांनी चप्पल काढून दाखवला. नख काळं पडलं होतं. कशानं झालं ते त्यांना सांगता येईना.

"माझ्याच गाडीची बॅटरी की मालक. फोन आला तवा तुमच्या हातातनं सुटली," लहू म्हणाला.

प्रीतमरावांनी फोनमध्ये त्या दिवसाचा गार्गीचा कॉल शोधला. तो होता. कॉल आला तेव्हा फोन कुठे होता तेही त्यात होतं: बार्शी, बायपास. आणि तरीही त्यांना ती खोली दिसत होती. हिरवा पडदा, ऊन, शुभांगीची बोटं. त्यांनी डोळे मिटले तरी ती जाईना. दुकान मात्र दिसत नव्हतं. हातातून बॅटरी सुटतानाचं काहीच आठवत नव्हतं.

मग त्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली आणि ते खुर्चीत बसले. जेवण वेळेवर करत जा, असं शुभांगी त्यांना म्हणणं शक्यच नव्हतं. एकाच्या ठोक्याला ते ताटावर असत. भूकंप आला तरी तुम्ही कोशिंबीर मागाल, असं तीच चिडवायची. वेळेवर जेवायची नाही ती शुभांगी.

डॉक्टर तांबोळींचं ऑफिस जुन्या एस.टी. स्टँडमागे होतं. प्रीतमरावांनी त्यांना सगळं सांगितलं, पाटीचंही. डॉक्टर रागावल्या नाहीत. उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

"गार्गीनं तुम्हाला सांगितलं असेल ना? पहिल्या ओलावणीत? तिनं सगळं सांगितलं असेल," प्रीतमरावांनी विचारलं.

"खोलीतलं सगळं सांगितलं. मग म्हणाली, आई एक बोलली, पण ते पप्पांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. मी पुढे विचारलं नाही. आम्ही विचारत नसतो, काका. ज्याचं त्याच्याकडे राहू द्यायचं, असंच आम्हाला शिकवलंय."

यावर काही करता येतं का, असं प्रीतमरावांनी विचारलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की पुन्हा ओलावणी करून चुकीचं उमटलेलं काढता येतं. पण त्याच्याखाली जे होतं ते वर येईलच असं नाही. बहुतेक वेळा येत नाही. वाळलेल्यावर दुसरा थर बसला की खालचा त्याच्याबरोबरच निघतो.

"मग काय राहील?"

"तुम्हाला फोन राहील. तो आलेला होता एवढं तुम्हाला माहीत आहे. गार्गीला ती खोली राहील, आणि तिच्यात ती एकटी असेल."

"आणि नाही काढलं तर?"

"तर तुम्ही दोघंही शांत झोपाल. आमच्या नोंदीत तुमचं घर बरं झालेलं आहे." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला म्हणून सांगते. जेवण वेळेवर करत जा, हे मी या वर्षी कितीतरी घरांतून ऐकलंय. आईचं म्हणून, बायकोचं म्हणून, एका ठिकाणी तर आजोबांचं म्हणून. मला वाटायचं, माणसं शेवटी सारखंच बोलतात. मी त्यावर एक टिपणही लिहिलं होतं."

त्या उठून दारापर्यंत आल्या. निर्णय दोघांचा मिळून हवा, म्हणाल्या. गार्गीला सांगितल्याशिवाय तिच्या आठवणीला मी हात लावणार नाही. शुक्रवारी सकाळची वेळ ठेवते.

घरी गार्गी बॅग भरत होती. लातूरला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. ती बरी दिसत होती. सुरुवातीच्या दिवसांत ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, ते थांबलं होतं. आईची एक साडी ती घेऊन जाणार होती. कुठली घेऊ, तिनं विचारलं. प्रीतमराव म्हणाले, तुला आवडेल ती. मग ते पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, गार्गी, तुला त्या दिवसाचं एक विचारायचं होतं.

तिनं साडीची घडी घालत मान वर केली.

"पप्पा, एक सांगू? बरं झालं तुम्ही होतात. मला एकटीला नसतं झेपलं."

साडीचं दुसरं टोक त्यांनी धरलं आणि दोघांनी मिळून घडी घातली.

शुक्रवार गेला. डॉक्टरांनी पुढची वेळ दिली, तीही गेली. आता त्या वेळ देत नाहीत, या म्हणतात केव्हाही. प्रीतमराव एकाच्या ठोक्याला जेवतात. जेवताना ती खोली दिसते, आणि ते तिच्यात शुभांगीच्या तोंडाकडे बघत बसतात. ओठ हलतात, पण शब्द त्या मावशीचे येतात. गार्गीचा रोज फोन येतो. ते तिला हवापाणी विचारतात, कामाचं विचारतात.

तिला अजून सांगितलेलं नाही. शुभांगीचा निरोप पोचायचा राहिला आहे.