पटावरचं चौथं नाव

"अरे, हे चौथं नाव कुणीतरी खोडलंय!" विद्युल्लता ओरडली.

१९३७ सालच्या उन्हाळी सुट्टीत बेळगावच्या वकिलांची ही तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला, उपेंद्रला, घेऊन सदलग्याला आत्याकडे आली होती. गावात पन्नाशीच्या सत्काराची धांदल होती. ज्योतिबा पैलवान, भावकू वैद्य आणि मृदंग वाजवणारा रवळू, तिघेही १८८७ साली जन्मलेले, एकाच वर्गातले, आणि तिघांचंही नाव लांबवर पोचलेलं! त्यांच्या जन्मतारखा शाळेच्या जुन्या पटावरून उतरवून काढायचं काम मास्तरांनी मुलांवर सोपवलं होतं. पटावर त्या सालची नावं मात्र चार होती.

"त्यो भरमू नावाडी," शेजारचा शामू खाली बघत म्हणाला. "दोन वर्सांमागं दारू पिऊन त्यानं नाव बुडवली. सात मानसं गेली. माझी आईबी."

उपेंद्रची लेखणी थांबली.

दुपारी तिघं दूधगंगा नदीवर गेली. पाणी आटून बुडालेल्या नावेचा सांगाडा चिखलातून वर आला होता. नावेचा मक्तेदार आण्णाप्पा गड्यांना बजावत होता, "संध्याकाळच्या आत फोडा! उद्याच्या जेवणाला जळण व्हतंय!"

"ओलं लाकूड जळण म्हणून?" विद्युल्लता कुजबुजली. "आणि एवढी घाई?"

गडी भाकरी खायला गेले तशी तिघं चिखलात उतरली. तळाला डांबर फासलेलं होतं. उपेंद्रनं ते खरवडलं, तर खाली पत्र्याचं ठिगळ! पत्रा उचकटला आणि शामूचं बोट फळीत आरपार गेलं. लाकूड पार कुजलेलं! शामूनं बोट बाहेर काढलंच नाही. तसाच बसून राहिला.

ती फळी काढून, गोणपाटात गुंडाळून तिघं भरमूच्या खोपटाकडे गेली.

"फळी कुजलीय हे तुम्ही सांगितलं नव्हतं का कुणाला?" विद्युल्लतानं विचारलं.

"सांगिटलं की. ऐकतंय कोन? दारूचं त्या मक्तेदारानंच उठिवलं." भरमू म्हणाला. "आन् फळी कुजल्याली ठावं असून नाव पाण्यात घाटलीच की मी. वल्हं माझ्याच हातात हुतं, पोरी."

"उद्या तुम्ही सत्काराला यायचंच!"

दुसऱ्या दिवशी शाळेचं पटांगण गच्च भरलं. भरमू लांब, आंब्याखाली उभा होता. विद्युल्लता उठून उभी राहिली.

"आण्णाप्पा काका, ती बुडालेली नाव चांगली होती ना हो?"

"चांगली? नवी कोरीच म्हन!" मक्तेदारानं मिशीवर हात फिरवला. "मी सोता हुबं ऱ्हाऊन फळ्या बदलून घेटल्या! त्या भरमूला हातबी लावू दिला न्हाय!"

"मग त्या नावेच्या तळाची ही फळी तुमचीच!"

उपेंद्र आणि शामूनं गोणपाट सोडलं. पैलवानानं फळी हातात घेतली, अंगठा दाबला, आणि कुजका चुरा खाली पडला. पाटलांनी तिथल्या तिथं चिकोडीला फौजदाराकडे माणूस धाडला.

"आम्हा मोठ्यांना दोन वर्षांत जे जमलं नाही, ते तुम्ही केलंत!" मास्तरांनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास!"

पैलवान आपला सत्काराचा शेला घेऊन आंब्याखाली गेला. "भरमू, तू आमच्याच सालचा. चल वर."

भरमू मागं सरला. "शेला नगं, ज्योतिबा. त्या सात जनांची नावं कुनी एकदाबी घेटली न्हाईत. तेवढी घ्या."

मग शामूच पुढं झाला. एकेक करून त्यानं सहा नावं घेतली. सातव्याला तो थांबला, तेव्हा विद्युल्लतानं त्याचा हात घट्ट धरला.

"मालुबाई," शामू म्हणाला. "माझी आई."

पटांगणातली सगळी माणसं उठून उभी राहिली.