न बदललेली किल्ली

बारा जण हवे होते. लितिआनाने पुन्हा मोजले... तेरा!

सुवाच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया चालू होती आणि तिचं थेट चित्रण बेटाबेटांवरच्या डॉक्टरांना दिसत होतं. चित्र कुलूपबंद होऊनच बाहेर पडे. ते उघडणारी सांकेतिक किल्ली साऱ्या गटाची एकच, आणि ती लितिआनाच्या हाती. गटातून कुणी गेलं, की त्याच मिनिटाला उरलेल्यांना नवी किल्ली. चार वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

तेरावं नाव तिने दोनदा वाचलं. वाइसेआ! कालच त्याने इथली डॉक्टरची नोकरी सोडली होती. जाताना दारात रेंगाळला होता, "निघू... मग?" आणि ती नुसतं "हं" म्हणाली होती.

तिने फोन लावला. पलीकडे पाऊस आणि बंदराचा गोंगाट.

"तू आत कसा?"

"जुनी किल्ली सहज लावून पाहिली. उघडलं!" तोही हादरला होता. "तू बदलली नाहीस?"

"रुग्णाची छाती उघडी आहे तिथे, वाइसेआ! बंद कर!"

"केलं गं, केलं!"

तिने किल्ली बदलली. तेराचे बारा झाले. मग घडलेल्या चुकीबद्दलचा अहवाल लिहायला घेतला. कारण? 'विसरले,' तिने लिहिलं... आणि खोडलं. ती विसरली नव्हती. काल संध्याकाळी बोट बटणावर होतं — तिनेच ते न दाबता उचललं होतं. हा धक्का तेराव्या नावापेक्षा मोठा होता.

तिने खरं तेच लिहिलं : 'मला तो जायला नको होता.' पाठवलं. आणि मग आठवलं — ज्यांनी ज्यांनी चित्र पाहिलं, त्या सगळ्यांना हा अहवाल जातो. नियम तिनेच केलेला!

"अगं बये, हे काय कारण झालं?" तिच्या साहेब माकेरेताबाई दारातून ओरडल्या. "तुझी हजेरी उद्या घेते. आधी तो फोन उचल!"

"वाचलं," वाइसेआचा आवाज अगदी बारीक झाला होता. "खरं सांगू? कुलूप उघडलं नसतं, तर गुपचूप बोटीत बसणार होतो."

"आणि... आता?"

"बोट गेली. माझी बॅग घेऊन."

तिला हसावं की रडावं कळेना. "शस्त्रक्रिया संपायला अजून चाळीस मिनिटं आहेत. धक्क्यावरच थांब. येते."

"नक्की?"

"लेखी दिलंय ना, डॉक्टर... तेरा जणांना!"