उजव्या भिंगाचा फोटो

परळीत फोटो स्टुडिओचं काउंटर सकाळी पुसावं, तर दुपारी त्यावर बसलेल्या वीजकेंद्राच्या राखेत बोटानं नाव लिहिता येतं. फडकं शोधायचा मला भारी कंटाळा. मी बाहीनंच पुसतो. निळ्या चौकडीच्या शर्टाची ती बाही त्यामुळे कायम राखाडी. बायको बोलून बोलून थकली.

त्या दुपारी दिंद्रुडच्या वत्सलाताई आल्या. दारात चपला काढल्या आणि पदराच्या गाठीतून कॅमेऱ्याचं कार्ड काढून पुढं केलं.

"मुनव्वरभाई, ह्यातले फोटो मोबाईलवर उघडंनात. माजलगावच्या पोरांनी हात टेकले."

उघडणार कसे? फायली एमपीओ होत्या. दोन भिंगांचा कॅमेरा डाव्या आणि उजव्या डोळ्याचे असे दोन फोटो एकदम काढतो आणि एकाच फायलीत ठेवतो. साधा जेपीजी करायचा तर त्यातला एक उचलायचा. मी नेहमी डावा उचलतो. फरक तो काय, दोन बोटांचा.

डाव्यात अंगण होतं, लिंबाचं झाड होतं, ताईंचे मालक आसारामभाऊ आणि मुलगी उज्ज्वला. गेवराईजवळच्या अपघातात दोघंही गेले, त्याला बरीच वर्षं झाली.

"आन् तुमी?" मी विचारलं.

"तिघांचा फोटो काढू न्हाई म्हनून मी सरकले की. ह्यांनी टायमर लावलता. चौथं कुनी गावंना."

आमच्याकडं ही जुनी समजूत, तिघांचा फोटो काढला की त्यातला एक दगावतो. फोटोला तिघं उभे राहिले की रस्त्यावरच्या कुणालाही चौथा म्हणून ओढतात. किती अनोळखी घरांच्या भिंतींवर मी असा हसत उभा असेन, अल्ला जाणे.

"सरकून काय उपेग झाला? ते गेलेच," त्या म्हणाल्या. "आन् दोघांसंगं माजा एक फोटो न्हाई."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, तुमचा फोटो बाजूला जोडून देतो, कळायचंसुद्धा नाही.

"चिकटवलेली नको. मी हुते तिथं."

म्हणून उजवा उचलला. उजवं भिंग दोन बोटं पलीकडचं बघतं. आणि खरंच, अगदी कडेला हिरव्या पदराची पट्टी होती.

"ही मी," ताईंनी कॉम्प्युटरच्या काचेवर बोट ठेवलं. मग त्या रडल्या, आणि मीही डोळे पुसले.

रंग फिका वाटला म्हणून त्याच फाईलचा पुन्हा जेपीजी करून घेतला. या वेळी पदराबरोबर कोपरही आलं होतं. आधी कड कापली गेली असेल, मी मनाशी म्हटलं. पण उज्ज्वला आधी समोर बघत होती. आता तिची मान त्या कोपराकडं वळलेली होती.

ताईंनीही ते पाहिलं.

"आनखी एकदा करा."

"राहू द्या ताई. मला हे बरोबर दिसत न्हाई."

"करा ना भाऊ. लई वर्सं झाली."

कॉम्प्युटर बिघडला म्हणायला हवं होतं. कुठलीही थाप चालली असती. ते मी केलं नाही, आणि ही रुखरुख आता जायची नाही.

पुन्हा जेपीजी केला, न बघताच छपाईला पाठवला आणि प्रिंट आणायला आतल्या खोलीत गेलो.

बाहेर आलो तर खुर्ची रिकामी.

चहाला गेल्या असतील.

चपला दारातच होत्या.

संध्याकाळी त्यांचा पुतण्या शोधत आला. चपला त्यानं ओळखल्या. प्रिंट मी त्याला दाखवली नाही.

प्रिंटमध्ये तिघं आहेत. ताई मधोमध, केस पांढरे, त्या दुपारी नेसलेलंच लुगडं, पाय अनवाणी. हसताहेत. सुखात आहेत, असं मी स्वतःला समजावतो. पटत नाही.

आसारामभाऊ समोर बघताहेत. उज्ज्वला बघत नाही. कुणाला तरी बोलवावं तसा तिनं उजव्या कडेकडं हात केलाय.

तिच्या बोटांपलीकडं, अगदी कडेला, निळ्या चौकडीची बाही आहे. राखेनं मळलेली.